बोनसची मर्यादा टेबलावर दिसत नाही

ऑनलाइन कॅसिनोत एका डावाला किती पैसे लावता येतात याबद्दल कुणी म्हणतं, ‘किमान-कमाल रक्कम टेबलाच्या कोपऱ्यात लिहिलेली असते, खेळणाऱ्याने वाचावी’. हे रूलेटच्या (फिरत्या चाकावरच्या जुगाराच्या) टेबलापुरतं मान्य. पण बोनस, म्हणजे साइटने खेळायला दिलेले जादा पैसे, घेतल्यावर लागू होणारी मर्यादा तिथे नसते, ती अटींच्या लांबलचक पानात असते. माझा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये शिकत असताना यातच अडकला. बोनस सुरू असताना एका फेरीला जास्तीत जास्त ५ पौंड, अशी अट होती. पडद्यावरचं बटण मात्र २० पौंडही घेत होतं, कसली सूचना नाही. जिंकलेले पैसे काढायला गेला, तेव्हा अट मोडली म्हणून सगळे रद्द! मला त्याचा आजही राग येतो. जी रक्कम चालणार नाही, ती आधी स्वीकारायचीच कशाला?

आणि जास्तीची रक्कम यंत्रणेला आधीच अडवता येते. ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटला (चित्रं फिरवून खेळायच्या जुगाराला) एप्रिल २०२५पासून फेरीमागे ५ पौंडांची मर्यादा कायद्यानेच आली, आणि मे महिन्यापासून १८ ते २४ वयाच्यांना २ पौंडांची. जर्मनीत २०२१पासून स्लॉटला फेरीमागे १ युरो. शिवाय महिन्याला खात्यात भरता येणारी रक्कम सगळ्या परवानाधारक साइट मिळून साधारणपणे १,००० युरोपर्यंतच. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे, स्वतःची मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर किमान ७ दिवस थांबावं लागतं. रात्री दोन वाजता हरलेले पैसे भरून काढायला बसलेल्या माणसाला तेवढे दिवस मिळतात.