मदत हवी आहे: कोपनहेगन + स्टॉकहोम, व्हिसा कुठला? (अर्जंट)

घाईतला_घाटकर
जूनमध्ये मी, बायको आणि आई कोपनहेगन आणि स्टॉकहोम करतोय. दोन्हीकडे मित्र आहेत, हॉटेलचा प्रश्न नाही. उतरणार कोपनहेगनला, परत स्टॉकहोमहून. शेंगेन व्हिसा एकच, दोन्ही देशांत चालतो, पण काढायचा डेन्मार्कचा की स्वीडनचा? एजंट एक सांगतो, मित्र दुसरंच. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय. आज रात्री फॉर्म भरायचाय.

कोकणकडा
सोपं आहे. जिथे आधी उतरता, तिथला. डेन्मार्क. आम्ही असाच काढला होता.

थंडीतला_पुणेकर
नाही हो. जिथे मुक्काम जास्त, तिथला. मुक्काम समसमान असेल तरच पहिल्या प्रवेशाचा नियम. घाटकर, कुठे किती रात्री, हे लिहिलंच नाहीत.

घाईतला_घाटकर
निम्म्या निम्म्या. कोपनहेगनचा मित्र राहतो माल्मोला, पण तिथून ट्रेनने 40 मिनिटं. म्हणजे एकच की.

थंडीतला_पुणेकर
एकच कसं? माल्मो स्वीडनमध्ये आहे! 2000 साली ओरेसुंड पूल झाला म्हणून जाणं-येणं सोपं, देश दोन ते दोनच. तुम्ही दिवसा कोपनहेगनची टिवोली बाग, न्यूहाउनचा कालवा बघणार आणि झोपायला माल्मोला येणार. सगळ्या रात्री स्वीडनमध्ये, तेव्हा व्हिसा स्वीडनचा. विमान कोपनहेगनला उतरतंय म्हणून फरक पडत नाही. दोन्ही मित्रांकडून आमंत्रणपत्र आणि त्यांच्या नोंदणीचा दाखला (तिकडे 'पर्सूनबेविस' म्हणतात) मागवा. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा. आणि कोपनहेगनला जाताना तिघांचेही पासपोर्ट जवळ ठेवा, परतताना पुलापलीकडे ट्रेनमध्ये पोलीस बघायला मागू शकतात.

कोकणकडा
आमचं काही अडलं नव्हतं. नियम कागदावर असतात.

थंडीतला_पुणेकर
तुमचं नशीब. लोकांना तेच सांगू नका.

मोदकप्रिय
मित्रांसाठी पेढे, तूप अजिबात नेऊ नका. बाहेरून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. नारळ मात्र चालतो! केळी, अननस, खजूर हेही. बाकी ताज्या फळभाज्यांना प्रमाणपत्र लागतं. कढीपत्ता घरीच ठेवा.

ध्रुवतारा
एवढं जाताय तर स्वीडनच्या पार उत्तरेला, किरूनाला नॉर्दर्न लाइट्स बघून याच. आयुष्यात एकदा तरी!

मोदकप्रिय
जूनमध्ये? तिथे तेव्हा मध्यरात्री ऊन असतं. लाइट्स दिसणार कुठे?

थंडीतला_पुणेकर
घाटकर, जूनच्या तारखा काय?

घाईतला_घाटकर
18 ते 25. का?

थंडीतला_पुणेकर
मग मिडसमर, म्हणजे स्वीडनचा उन्हाळ्याचा मोठा सण, मध्येच आला. 19 ते 25 जूनमध्ये जो शुक्रवार येतो, त्या दिवशी सगळे गावी पळतात, बरीच दुकानं बंद. शनिवारीही तेच. स्टॉकहोमचा मित्र घरी असणार आहे ना, ते आधी विचारा. शहरातच राहिलात तर स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात जा, फुला-पानांनी मढवलेला खांब उभारून त्याभोवती नाचतात, आईंना आवडेल. वासा जहाज दुसऱ्या दिवशी. 1628 मध्ये पहिल्याच फेरीत बंदरातच बुडालं, 1961 मध्ये अख्खं वर काढलं.

कोकणकडा
आणि बिअरची सोय आधीच करून ठेवा. स्वीडनमध्ये घरी न्यायची दारू बहुतेक सरकारी दुकानातच मिळते, रविवारी कुलूप.

घाईतला_घाटकर
स्टॉकहोमच्या मित्राला फोन केला. मिडसमरला ते दालार्ना प्रांतात, बायकोच्या माहेरच्या समर हाउसवर. आम्हालाही चला म्हणतोय. पण संडास अंगणात, आणि आईचे गुडघे दुखतात. चावी ठेवून जातो म्हणाला, पण त्याच्या घरी त्याच्याशिवाय राहणं विचित्र वाटतं.

ध्रुवतारा
चावी देतोय ना, राहा की! फुकटात स्टॉकहोम.

मोदकप्रिय
गुडघ्यांना निर्गुंडीचं तेल कोमट करून लावा, रोज रात्री.

थंडीतला_पुणेकर
ते राहू दे. एप्रिल संपत आला. अर्जावर निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, कधी 45 सुद्धा. फॉर्म भरलात का?