धनुष्याला चाकं लावली की पारधीतली मजा जाते का?

पानगळ:
आमच्या मिशिगनमध्ये 1 ऑक्टोबरला धनुष्याने हरीण मारायचा हंगाम उघडतो. महिना-सव्वा महिना हातात आहे म्हणून रविवारी सरावाला गेलो, तर तिथे एकाने माझ्या रिकर्व्हकडे, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याकडे, बघून विचारलं, "अजून लाकडावरच?" तिथे हसून सोडून दिलं. राग इथे काढतोय.

कंपाउंड धनुष्य म्हणजे टोकांना चाकं, केबली, नेमाला साईट, दोरी सोडायला हातात खटका. हॉलेस अ‍ॅलनला त्याचं पेटंट 1969 मध्ये मिळालं आणि बघता बघता सगळा बाजार तिकडे गेला. पूर्ण ओढल्यावर हातावर वजनाचा पाचवा हिस्साही उरत नाही, माणूस निवांत नेम धरून बसतो. माझं धनुष्य 62 इंची, 28 इंच ओढीला 47 पौंड, आणि ते सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पौंड तीन बोटांवर. दोन-तीन सेकंदांत सोडा, नाहीतर परत घ्या. साईट नाही. हरणाच्या पुढच्या पायामागचा केसांचा एक पुंजका डोळ्यांनी धरायचा, हात आपला आपण तिथे जातो. जात नसेल तर सराव कमी पडला.

आणि सामानाचं सुख वेगळंच. पोर्ट ऑरफर्ड सीडरचे बाण. एखादा मोडला तर आल्यासारखा वास सुटतो. टर्कीची तीन पिसं, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची, डावी-उजवी मिसळ चालत नाही. प्लास्टिकची का नाही? माझा बाण धनुष्याच्या अंगाला घासून निघतो. पीस दबून वाट देतं, प्लास्टिक धक्का देतं. पावसात मात्र तीच पिसं भिजलेल्या कोंबडीसारखी दिसतात, हे कबूल. दोरीवर बीव्हरच्या कातड्याच्या दोन पट्ट्या, टणत्कार मरावा म्हणून. पातं इतकं धारदार की हाताचे केस निघाले पाहिजेत.

मागच्या हंगामात 19 वेळा मचाणावर बसलो, बाण सुटला एकदा. उरलेल्या 18 वेळी काय केलं ते बायकोला आजवर समजावता आलेलं नाही. वारा फिरला की हरीण 60 यार्डांवरूनच वळतं. कधी इतकं जवळ येतं की ओली नाकपुडी हलताना दिसते, आणि तेव्हा छाती अशी धडधडते की वाटतं त्यालाही ऐकू जात असेल. 40 यार्डांवरून मारणाऱ्याला हे कुठून कळणार?

चाकवाला:
पानगळ, छान लिहितोस, पण तुझ्या कवितेचे पैसे हरीण भरतं.

हिशेब कर. 20 यार्ड म्हणजे 60 फूट. तुझा बाण सेकंदाला 180 फूट जातो, म्हणजे पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. दोरीचा आवाज 1100 फुटांच्या वेगाने जातो, तो त्याच्या कानावर कधीच पोचलेला असतो. हरीण पळायच्या आधी पायात दबतं, तेवढ्यात फुप्फुसावरचा बाण पाठीत जातो. माझा बाण 290 फुटांचा, सेकंदाच्या पाचव्या हिश्शात पोचतो. जनावराला कमी वेदना देणारं साधन असताना जास्त देणारं निवडायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं?

सातारची_सून:
मला शिकारीतलं काही कळत नाही. पण "चाकं" म्हणून नाक मुरडू नका हो. 2023 मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले ते कंपाउंडवरच. मुलीला घेऊन रोज मैदानावर बसते मी. खटका हातात आला की सगळं सोपं होतं, असं तिथे दोन तास उभं राहून म्हणून दाखवा.

पानगळ:
ताई, चूक मान्य. बोर्डावरच्या नेमाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

चाकवाल्या, तुझ्याच हिशेबाने जाऊ. तुम्ही लोक 40 यार्डांवरून सोडता. 120 फुटांना 290 ने भाग. 0.41 सेकंद! माझ्या 20 यार्डांपेक्षा हरणाला जास्त वेळ मिळतो. वेग वाढला तसे तुम्ही मागे सरकलात, फायदा हरणाला कुठे झाला? वर माझा बाण 500 ग्रेनचा, जड. जड बाणाने धनुष्य कमी वाजतं.

माळकरी:
दोघांचा हिशेब वाचला. हरणाला कोणी विचारलं?

आदिपर्वातला पांडू आठवा. मृगाच्या रूपात पत्नीसोबत असलेल्या किंदम ऋषींना त्याने बाण मारले. ऋषी म्हणाले, मृगया हा राजाचा धर्म, त्याबद्दल दोष देत नाही, पण ही वेळ निवडलीस म्हणून शाप. आता तुमचा नोव्हेंबर बघा. नर माजावर येतात, माद्यांमागे बेभान होऊन भर दुपारी उघड्यावर फिरतात, आणि तुम्ही सुट्ट्या टाकून नेमके तेव्हाच मचाणावर. शापाला पात्र की नाही ते तुम्हीच ठरवा. मी तेरा वर्षं न्यू जर्सीत आहे, हरणं माझ्या परसातली भेंडी खातात. मी जाळी लावली.

रस्सा_वाढा:
माळकरी काका, तुमच्या माळेला नमस्कार. पण इथले निम्मे लोक रविवारी सोललेलं बोकड तोलून आणतात आणि "बिचारं हरीण" म्हणून हळहळतात. पानगळ निदान स्वतः मारतो, स्वतः सोलतो. मी तर कोंबडी कापतानासुद्धा दुकानात पाठ करून उभा राहतो.

मोहफूल:
गडचिरोलीकडून लिहितो. तुमचा वाद वाचून गंमत वाटली आणि थोडा रागही आला.

आमच्याकडे तिरकामठा हा छंद नव्हता. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची दारं लोटली, 1991 च्या दुरुस्तीने कडी घातली. 2006 चा वनहक्क कायदा आला, त्यात मोह, तेंदू, बांबू सगळं आलं, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. वगळू नये असं मी म्हणत नाही. जंगलात आता तेवढं उरलेलंही नाही. पण आजोबांनी केलं तर गुन्हा आणि परवाना काढून केलं तर "निसर्गाशी नातं", हे नीट गिळता येत नाही.

आणि तुमच्या छंदाचं मूळ बघा. "याही" नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचा शेवटचा माणूस, ईशी, 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला एकटा सापडला. बाकीचे मारले गेले होते किंवा उपासमारीने, रोगराईने गेले होते. त्याच्याकडून धनुष्य शिकला डॉक्टर सॅक्सटन पोप. ईशी 1916 मध्ये क्षयाने गेला. आज अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचे विक्रम ज्या क्लबाच्या वहीत लिहिले जातात, त्याला नाव पोप आणि त्याचा जोडीदार आर्थर यंग यांचं. ईशीचं नाही.

पानगळ:
मोहफूल, याला माझ्याकडे उत्तर नाही. पोपचं नाव भिंतीवर रोज बघतो, ईशीबद्दल एवढंच माहीत होतं की "कोणी एक इंडियन" होता.

एक मात्र सांगतो, समर्थन म्हणून नाही. त्याच 1972 मध्ये इकडे पिटमन-रॉबर्टसन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बंदुकांसारखाच धनुष्यांवरही 11 टक्के कर बसला. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरात पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती, आज कोटींत आहेत. लांडगा बहुतेक ठिकाणी संपला. कमी कोणी करायची? एकतर आम्ही, नाहीतर हायवेवरच्या गाड्या.

चाकवाला:
कर माझ्या कंपाउंडवरही लागतो, तो मुद्दा तुझा नाही.

मी 40 वर सोडू शकतो म्हणून सोडतोच असं नाही. पण 40 वर माझा बाण नऊ इंची कागदी ताटलीत लागतो, आणि हरणाचं काळीज-फुप्फुस साधारण तेवढंच. तुझा 20 वर किती वेळा लागतो? दहा बाण मारून हात गरम झाल्यावरचं सांगू नकोस. जंगलात सरावाचा बाण मिळत नाही. सकाळी उठून पहिलाच बाण, थंड हाताने. लिहून ठेव आणि इथे टाक.

पानगळ:
टाकतो. त्याआधी एक सांगायचं राहिलं होतं, मुद्दामच राहू दिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी 22 यार्डांवरून एका मादीवर सोडला. दोरी सुटली आणि तिने एक पाऊल पुढे टाकलं. बाण पोटात. पोटाला लागलं की लगेच माग काढायचा नसतो, जनावर उठून मैलभर जातं. सहा-आठ तास थांबायचं. थांबलो. रात्री पाऊस आला, रक्ताचा एक थेंब उरला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली ती माझ्याआधी कायोटींना, इकडच्या कोल्ह्यासारख्या जनावरांना. त्या वर्षी परत गेलो नाही. 22 यार्डांवर तिला पाऊल टाकायला वेळ मीच दिला होता. कंपाउंड असतं तर? कदाचित टळलं असतं. हे कबूल करायला तू दोन उत्तरं खर्च केलीस.

पानगळ (महिन्याने):
तीस सकाळी, रोज उठल्यावर एकच बाण. पहिले दहा दिवस 20 यार्डांवर: ताटलीत 7. पुढचे दहा 15 वर: 9, चुकलेला एक पावसातला, पिसं भिजून. शेवटचे दहा 12 वर: दहाच्या दहा.

मचाणासमोर 20 वर रोवलेली खुणेची काठी काल उपटली आणि 12 वर रोवली. त्यापलीकडे सोडणार नाही. चाकं मात्र लावणार नाही.

चाकवाला:
12 वर हरीण येणार कधी?

पानगळ:
नाही आलं तर डबा खाऊन परत येईन.

माळकरी:
दिशा बरोबर आहे. काठी अजून थोडी आत घ्या, मचाणाला टेकेपर्यंत.