अरेते म्हणजे सद्गुण? मग कोयत्याचा सद्गुण कोणता?

कोरांटी
प्लेटोच्या 'मेनोन' या संवादाचं मराठी भाषांतर करतेय, आणि पहिलंच वाक्य 'अरेते' या ग्रीक शब्दापाशी अडलंय. मेनोन सॉक्रेटिसला विचारतो, अरेते शिकवून येते, सरावाने येते, की जन्मतःच अंगात असते? 'सद्गुण' घातलं की वाक्य सरळ वाचलं जातं. पण हाच शब्द प्लेटोच्याच 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात घोडे-कुत्री (उतारा ३३५), डोळे आणि कान (३५३) यांनाही लावलाय. द्राक्षवेल छाटायच्या हत्याराचं काम ठरवून झालं की लगेच अरेतेचा विषय निघतो. 'डोळ्यांचा सद्गुण' मराठीत कानाला लागतो. दोन ठिकाणी दोन शब्द वापरले तर युक्तिवादच मोडतो, कारण हत्यारावरून डोळ्यांवर आणि डोळ्यांवरून आत्म्यावर सॉक्रेटिस या एकाच शब्दाच्या दोरीने येतो. दोन्हीकडे चालेल असा शब्द सुचवा.

ओवरी
'सद्गुण' पहिल्या वाक्यातसुद्धा घालू नका. 'मेनोन'मधला उतारा ७३ड उघडा. मेनोन म्हणतो, माणसांवर सत्ता चालवता येणं म्हणजे अरेते. त्यावर सॉक्रेटिस विचारतो, 'न्यायाने' हा शब्द त्यात घालायचा की नाही? ७८ड मध्ये सोनं-चांदी मिळवण्याबद्दल पुन्हा तेच. शब्दातच 'सत्' असेल तर 'न्यायाने' घालायची गरज उरत नाही आणि मेनोन निव्वळ बावळट ठरतो. ग्रीक ऐकणाऱ्याला त्याचं उत्तर बावळट वाटलं नसणार. कर्तबगार पुरुषाची अरेते म्हणजे सत्ता, असंच पुष्कळ जण मानत होते. 'सद्गुण' हा इंग्रजी 'व्हर्च्यू'चा तर्जुमा आहे, ग्रीक शब्दाचा नाही.

अनुस्वार
नुसतं 'गुण' घ्या, सत् काढून टाका. औषधाला गुण येतो, तेव्हा औषध नीतिमान आहे असं आपण म्हणत नाही. औषधाचं जे काम ते त्याने केलं, एवढाच अर्थ. 'रिपब्लिक' ३५३ मध्ये अरेतेची ओळख नेमकी अशीच करून दिलीय, ज्या वस्तूला नेमून दिलेलं काम आहे तिची अरेतेही असते. शिवाय तिथेच उलट शब्द येतो, काकिया. 'सद्गुण' घेतलात तर समोर 'दुर्गुण' घ्यावा लागेल, आणि आंधळेपणाला डोळ्यांचा दुर्गुण म्हणावं लागेल. 'गुण' घेतलात तर समोर 'दोष' आपोआप येतो. डोळ्यांत दोष आहे, हे आपण रोज म्हणतोच.

पाटी-पेन्सिल
'गुण'च्या तीन अडचणी. 'गुण शिकवता येतात का' हे वाक्य परीक्षेच्या गुणांकडे जातं. दुसरं, संवादात आत्म्याची चर्चा सुरू झाली की वाचकाला सत्त्व, रज, तम आठवणार. तिसरी अडचण मोठी आहे. ७२अ मध्ये सॉक्रेटिसची तक्रारच अशी की मी एक अरेते मागितली आणि तू मधमाश्यांचं मोहोळ पुढे ठेवलंस. ७७अ मध्ये तो म्हणतो, एकाचे अनेक करणं थांबव. म्हणजे सगळा भर एकवचन-अनेकवचनावर. 'एक गुण, अनेक गुण', रूप तेच. फरक फक्त क्रियापदात दिसतो, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो.

कोरांटी
तिसरी अडचण सोडवता येईल. जिथे एकवचन मोलाचं आहे तिथे क्रियापद आधी आणायचं किंवा 'हा गुण', 'हे गुण' असं दर्शक लावायचं. परीक्षेच्या गुणांवर मात्र मला उपाय सुचत नाही.

दर्भ
'कस' कोणीच कसा काढला नाही? प्लेटोच्याच 'क्रितियास' ११७ब मध्ये समुद्रदेव पोसिडॉनच्या राईतली झाडं अफाट उंच वाढतात ती जमिनीच्या अरेतेमुळे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडिसच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, दुसऱ्याच प्रकरणात, 'जमिनीची अरेते' हेच शब्द आहेत. मराठीत याला एकच भाषांतर, जमिनीचा कस. कसदार जमीन, कसदार अन्न, कसदार लेखन. माणसाचाही कस लागतो. आणि कस हा कष म्हणजे कसोटीच्या दगडावरून आलेला. प्लेटोच्या 'गॉर्गियास' ४८६ड मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, माझा आत्मा सोन्याचा असता तर सोनं पारखायचा दगड मिळाल्यावर मला केवढा आनंद झाला असता! शब्द आणि ग्रंथ इतके जुळलेले क्वचित सापडतात.

ओवरी
जुळतात, पण प्रश्न मारतात. कस शिकवता येत नाही. तो असतो, वाढवता येतो, उतरतो. 'कस शिकवून येतो का' असं विचारलं की वाचक 'नाही' म्हणून मोकळा होतो, आणि पुढची तीस पानं कशासाठी हे त्याला कळत नाही. तीन पर्याय (शिकवण, सराव, जन्म) तिन्ही खुले राहतील असाच शब्द हवा. 'प्रावीण्य' घेतलं तर पारडं सरावाकडे झुकतं, 'कस' घेतलं तर जन्माकडे.

दर्भ
'गुण'सुद्धा जन्माकडेच झुकतो की. अंगचे गुण, मातीचे गुण.

अनुस्वार
आणि 'वाण नाही पण गुण लागला' कुठे गेलं? ढवळ्याशेजारच्या पवळ्याला गुण संगतीने लागतो. वाण जन्माचं, गुण बाहेरून येणारा. मेनोनचा अख्खा प्रश्न त्या एका म्हणीत आहे.

खडीसाखर
अरेते तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी दोन ओळींची टीप द्या. 'धर्म' शब्द परभाषांनी तसाच घेतलाच ना? फक्त लिहिताना 'आरेटे' नको, ते इंग्रजी उच्चारावरून आलंय. पहिला अ ऱ्हस्व, त दंत्य, आघात शेवटच्या अक्षरावर. आणि शब्द परकाही नाही. मला तो आपल्या वैदिक 'ऋत'चा सख्खा वाटतो, दोन्हींत नीट जुळण्याचा भाव आहे.

ओवरी
'ऋत'चं नातं जाणकारांत वादाचं आहे, 'सख्खा' म्हणण्याइतका आधार नाही. प्लेटोने स्वतः 'क्रातिलोस' ४१५ मध्ये दिलेली व्युत्पत्ती सदैव वाहत राहण्याची आहे, आणि तीही कोणी खरी धरत नाही. पक्कं नातं हवं असेल तर प्लेटोचा 'लाखेस' हा संवाद घ्या. तिथला विषय आंद्रेया, म्हणजे शौर्य. हा शब्द 'आनेर' (पुरुष) पासून, आणि आनेर व आपला 'नर' एकाच मुळाचे. लॅटिन 'विर' आणि आपला 'वीर'ही तसेच, आणि त्या 'विर'वरूनच 'व्हर्च्यू'.

पाटी-पेन्सिल
टीप देऊन शब्द तसाच ठेवणं म्हणजे भाषांतर वाचकावर ढकलणं. 'मेनोन'मध्ये हा शब्द पानोपानी येतो. प्रत्येक वेळी वाचकाने टीप आठवायची का?

आणखी एक. उताऱ्यांचे आकडे देताना संवादाचं नाव सोडू नका. हे आकडे एस्तिएनने १५७८ मध्ये छापलेल्या प्लेटोच्या आवृत्तीतल्या पानांचे. तिचे तीन खंड आणि दर खंडात पानं १ पासून सुरू. नुसतं '७३ड' तीन ठिकाणी सापडू शकतं.

दर्भ
वर हत्याराचा विषय निघालाय म्हणून. 'रिपब्लिक' ३५३अ मध्ये वेल कट्यारीने, सुरीने आणि इतर कशानेही कापता येईल, पण त्याच कामासाठी घडवलेल्या द्रेपानोनने सगळ्यांत चांगली कापता येईल, असं आहे. शब्दकोशात द्रेपानोनला 'विळा' सापडतो. विळा गवताला, कापणीला. इथे छाटणी आहे, तेव्हा वाकड्या पात्याचा छोटा कोयता. शीर्षकात बरोबर आहे, मजकुरातही तोच ठेवा.

कोरांटी
ठेवते. आता दुसरी अडचण. मेनोन सॉक्रेटिसला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? ग्रीकमध्ये एका माणसाला एकच सर्वनाम. संवादाचा काळ इसवी सन पूर्व ४०२ च्या सुमाराचा, म्हणजे सॉक्रेटिस सत्तरीकडे झुकलेला, मेनोन तरुण.

अनुस्वार
'तुम्ही'. पोरगा ग्रीसमधल्या थेस्सलीच्या बड्या घरातला असला तरी म्हाताऱ्याला अरे-तुरे करताना वाचलं की मराठी वाचकाला तो उद्धटच वाटणार. ग्रीकमध्ये तो उद्धटपणा सर्वनामात नाही, वागण्यात आहे.

खडीसाखर
मग ८०अ कसं करणार? तिथे मेनोन त्याला अंगाला लागताच बधिर करणाऱ्या चपट्या समुद्री माशाची उपमा देतो, आणि दिसायलाही तसाच आहेस म्हणतो.

अनुस्वार
'तुम्ही दिसायलासुद्धा त्या माशासारखेच आहात.' जास्त झोंबतं.

ओवरी
खरी कसोटी ८४अ. तिथे सॉक्रेटिस मेनोनच्या गुलाम पोराला भूमितीचा प्रश्न घालतो. चार चौरस फुटांच्या चौरसाची दुप्पट करताना गुलाम पोराची दोन उत्तरं चुकतात. चार फुटांची बाजू घेतली तर सोळा होतात, तीनची घेतली तर नऊ, आणि हवेत आठ. तेव्हा तो म्हणतो, 'झ्यूसची शपथ, सॉक्रेटिस, मला नाही माहीत.' नुसतं नाव. मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम, मालकासमोर, पाहुण्याला नुसत्या नावाने हाक मारतो, आणि ग्रीकमध्ये त्यात काही खटकत नाही. तिथे तुम्ही 'महाराज' घातलंत तर जे तिथे नाही ते आणलंत.

पाटी-पेन्सिल
तिथेच पुढे ८५ब मध्ये 'दियामेत्रोस' आहे, त्याला व्यास म्हणू नका. तो चौरसाचा कर्ण. पोराचं उत्तर त्या कर्णावरच उभं आहे.

अनुस्वार
कर्ण बरोबर. पण गुलामाच्या तोंडी नुसतं 'सॉक्रेटिस' मला मान्य नाही. 'मला नाही हो माहीत', त्या 'हो'त सगळं येतं, नाव ठेवा नाहीतर काढा.

ओवरी
नाव काढायचं नाही. ते मूळ संहितेत आहे.