प्रति: प्रोबॅबिलिटी सोडून डायरेक्ट रिग्रेशन?

वर एकांनी लिहिलंय की इकॉनॉमिक्सवाल्यांनी प्रोबॅबिलिटी वरवर बघून थेट रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो हे आकड्यांतून काढायची पद्धत) धरावं, मला हे अजिबात पटत नाही. फॉर्म्युले पाठ होतात हो, पण पी-व्हॅल्यूचा (खरा परिणाम काहीच नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता) अर्थ विचारला की गाडी अडते, कारण कंडिशनल प्रोबॅबिलिटी, म्हणजे एक गोष्ट घडलीय हे धरून दुसरीची शक्यता, डोक्यात बसलेलीच नसते. हे एक हाताने करून बघा, समजा १००० कर्जदार आहेत आणि त्यातले २० कर्ज बुडवणारे, बँकेचं मॉडेल त्या २० पैकी १८ जणांना पकडतं पण उरलेल्या ९८० मधल्या १० टक्क्यांवर म्हणजे ९८ चांगल्या लोकांवरही ‘बुडवणार’ असा शिक्का मारतं. मग शिक्का बसलेले ११६ आणि त्यात खरे बुडवे १८, जेमतेम साडेपंधरा टक्के! बेजचं सूत्र (नवी माहिती आली की शक्यता कशी बदलते ते सांगणारं) न लिहिता बेज समजला की नाही?

आणि सॅम्पलिंग, म्हणजे थोड्या लोकांना निवडून सगळ्यांचा अंदाज बांधणं, तर सोडूच नका प्लीज. स्टँडर्ड एरर (त्या अंदाजात साधारण किती चूक असू शकते त्याचं माप) निम्मी करायची तर सॅम्पल चौपट लागतं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली देशातल्या गरिबीचा जो अंदाज मांडला तो नॅशनल सॅम्पल सर्व्हेच्या (निवडक घरांची सरकारी पाहणी) खर्चाच्या आकड्यांवरच उभा होता, ते सॅम्पल कसं घेतात हे कळल्याशिवाय गरिबीवरच्या वादात काय बोलणार आपण?