मराठवाड्यात ७-१ दोनदा झालं. मतदार हलला, की त्याला धरून ठेवणारे पक्षच उरले नाहीत?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

लोकसभेला मराठवाड्याच्या जागा आठ. १९७७ ला त्यातली एकच काँग्रेसकडं राहिली, उस्मानाबादची. २०२४ ला महायुतीकडं एकच राहिली, छत्रपती संभाजीनगरची. आकडा सारखा, आतला ऐवज वेगळा.

१९७७ च्या सातांत तीन शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) होते: नांदेडला केशवराव धोंडगे, लातूरला उद्धवराव पाटील, परभणीला शेषराव देशमुख. बीडला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. आणीबाणीची चीड सगळ्या देशात होती, पण इथं ती चीड खांद्यावर घेऊन फिरणारी माणसं आधीपासून गावात होती. त्याआधी १९६७ ला याच बीडनं सातारा भागातल्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून दिल्लीला धाडलं होतं. आज बाहेरच्या जिल्ह्याचा, वेगळ्या विचाराचा माणूस कुठं उभा करून बघा.

माझं म्हणणं एवढंच. सरकारवर राग धरणारं मत इथं जुनं आहे. शेकाप त्याला वर्षभर कामाला लावायचा: लेव्ही (सरकारची सक्तीची धान्यवसुली), दुष्काळी कामं, कर्जवसुली. आताचे पक्ष तिकिटं वाटतात आणि पुढच्या तिकीटवाटपापर्यंत गायब होतात. म्हणून मत भरकटलं, आणि जूनमध्ये ७-१ देणारा मराठवाडा नोव्हेंबरात ४६ पैकी ४० आमदार महायुतीला देतो. साडेपाच महिन्यांत माणसांचे विचार एवढे बदलत नसतात.

विद्यापीठ गेट

शेकापची एवढी आरती नको, दादा. तुमच्या १९७७ नंतर पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ ला, विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. काही समाजवादी मंडळी नामांतराच्या बाजूनं ठाम राहिली, ते मान्यच. पण तुम्ही म्हणता ती ‘गावात असणारी माणसं’ त्या रात्री कुठल्या वाड्यात होती? नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तेही नामविस्तार म्हणून.

त्या सोळा वर्षांत इथली स्पर्धा बदलली. शिवसेनेनं नामांतराला उघड विरोध केला आणि १९८८ च्या औरंगाबाद महापालिकेत पहिल्याच झटक्यात ती सर्वांत मोठा पक्ष झाली. सेना काही शेकापच्या मोर्चांची वारस नव्हती. शेकापनं ज्या प्रश्नावर तोंड उघडलं नाही, तिथून ती आत आली. राग जुना होता म्हणता, पण तो सरकारवरचा होता की शेजाऱ्यावरचा, हे आधी ठरवा.

किले अर्कजवळ

+१. आणि शेजारी म्हणजे आम्हीपण. ‘खान हवा की बाण’ ही घोषणा मी शाळेत जाता-येता भिंतींवर वाचलीय. धाग्यात मुसलमान मतदार अजून कुणाला आठवला नाही, म्हणून लिहितो.

आम्ही काँग्रेसला मत द्यायचो, कारण बाण नको होता. २०१४ ला औरंगाबाद मध्य मतदारसंघातून एमआयएमचे इम्तियाज जलील आमदार झाले, २०१९ ला वंचित बहुजन आघाडीच्या साथीनं ४,४९२ मतांनी खासदार. हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहून पावणेतीन लाखांवर मतं घेऊन गेले, म्हणून ते जमलं, हे आम्हालाही कळतं. पण दलित आणि मुसलमान मतं एका चिन्हावर पडली, ही गोष्ट लहान नव्हती. विधानसभेआधीच ती युती तुटली. जागावाटपावरून! नांदेडला तर एमआयएमनं २०१२ ला ११ नगरसेवक आणले आणि २०१७ ला शून्य. धागाकर्त्यांचा मुद्दा मोठ्या पक्षांपुरता नाही एवढंच.

परळी रोड

जात आली की अधोगती, हा सूर मला पटत नाही. भाजपच्या वसंतराव भागवतांनी ‘माधव’ सूत्र मांडलं, माळी-धनगर-वंजारी. त्यातून गोपीनाथ मुंडे १९८० ला रेणापुरातून आमदार झाले आणि १९९५ ला उपमुख्यमंत्री. त्याआधी सत्ता काँग्रेसच्या ज्या वाड्यांत फिरायची तिथं आमच्यासारख्यांना ओसरीपर्यंतच जागा होती. ऊसतोड्याच्या पोराला भाजपमध्ये का जावंसं वाटलं, हे शेकापवाल्यांनी स्वतःला विचारावं.

मात्र २०२४ वेगळं होतं. २०१४ च्या बीड लोकसभा पोटनिवडणुकीत मुंडेंची लेक प्रीतमताई जवळजवळ सात लाखांनी आल्या. २०२४ ला तिथंच त्यांची बहीण पंकजाताई ६,५५३ मतांनी पडल्या. मधे १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि जरांगेंचं मराठा आरक्षणाचं आंदोलन घरोघर पोचलं. निकालानंतर आमच्याकडं किराणा कुणाच्या दुकानातून भरायचा हेही आडनाव बघून ठरू लागलं होतं. पूर्वी एका जातीत दोन पक्ष असायचे, आता दोन्ही बाजूंना प्रचाराची गरजच उरली नाही.

सोयाबीनवाला_औसा

तुमी लई मोठं बोलायलाव. अडत्यानं मूठभर सोयाबीन हातावर घेतलं, एक दाणा दाताखाली फोडला अन् म्हणला, ओल हाय. झाला भाव कमी. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता, पट्टीवर त्याच्या खाली. सरकारी केंद्रावर ओलाव्याची अट बारा टक्के होती. मतदानाच्या तोंडावर पंधरा केली, तवर आमी माल इकून मोकळे.

आता म्हणाल मग महायुतीला मत का? घरात दोन खात्यांवर लाडकी बहीणचे दीड-दीड हजार आले. आईनं अन् बायकोनं बटन कुठलं दाबलं ते मला इचारू नका, मी पण नाही इचारलं.

असना पुलावरून

धागाकर्ते, ‘मत भरकटलं’ म्हणता, मग नांदेडचं काय? काँग्रेसचे खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळं लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेसोबतच लागली. २० नोव्हेंबर २०२४. एकाच खोलीत दोन यंत्रं, बोटाला शाई एकदाच. विधानसभेचे सहाच्या सहा मतदारसंघ महायुतीला आणि लोकसभा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाणांना, १,४५७ मतांनी. साडेपाच महिने सोडा, साडेपाच मिनिटंही गेली नव्हती. याला भरकटणं म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.

उमेदवारांनी मात्र खेळ केला. प्रतापराव चिखलीकर २०१४ ला लोह्यातून सेनेचे आमदार, २०१९ ला भाजपचे खासदार, २०२४ ला पुन्हा लोह्यातून, यावेळी घड्याळावर, म्हणजे अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून. धाराशिवला भाजप आमदाराच्या पत्नी अर्चना पाटील राष्ट्रवादीच्या उमेदवार. परभणीनं १९९१ पासून एक १९९८ सोडलं तर बाणच निवडला, आणि २०२४ ला खरी लढत मशाल (उद्धव ठाकरेंची सेना) आणि शिट्टीत (महादेव जानकरांचा रासप). असल्या बाजारात एकाच चिन्हाला चिकटून राहणारा मतदार शहाणा म्हणायचा का?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

असना पुलावरून, तुमची उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. मतदार हिशेबी आहेच. पण तो हिशेब माणूस बघून होतोय, पक्ष बघून नाही. लातूरनं १९९५ ला विलासरावांना घरी बसवलं तेव्हा लाट सेना-भाजप युतीची होती आणि जिंकले जनता दलाचे शिवाजीराव कव्हेकर. तेव्हापासूनच हे सुरू आहे.

विद्यापीठ गेट यांच्या नामांतराच्या मुद्द्यावर वाद घालणार नाही. पण शेकाप गेला आणि त्याजागी दलितांच्या बाजूनं उभा राहणारा पक्ष आला, असंही झालं नाही.

शिवाय कार्यकर्ता घडायचा तो जिल्हा परिषदेत. २०२२ ला मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक. गटात हरून-जिंकून वर येणारा पोरगा आता डायरेक्ट नेत्याच्या गाडीत बसतो.

विद्यापीठ गेट

बरं, मग एवढं सांगा. शेकाप इतका गावात रुजला होता तर १९७७ च्या नांदेड, लातूर, परभणी या तिन्ही जागा १९८० ला इंदिरा काँग्रेसकडं गेल्या कशा? तेव्हा ना लाडकी बहीण होती, ना जरांगे, ना फुटीर गट.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

जनता पक्षाचं दिल्लीतलं भांडण शेकापला भोवलं. संघटन तुटलं नव्हतं. कंधारनं धोंडग्यांना १९८५ आणि १९९० ला परत विधानसभेत पाठवलंच की.

विद्यापीठ गेट

कंधार म्हणजे मराठवाडा नव्हे, दादा.