‘टॅसिट’ आणि ‘इम्प्लिसिट’: सोसायटी ग्रुपवर

बी-४०१: मुलांचा आजचा शब्द ‘टॅसिट’. डिक्शनरीत अर्थ ‘अव्यक्त’. ‘इम्प्लिसिट’लाही तोच. मग फरक काय सांगायचा?

ए-१०२: काकू, ‘अव्यक्त’ नका देऊ, त्यातून काही हाती लागत नाही. मराठीत ‘मूक’ आहे ना! टॅसिट कन्सेंट म्हणजे मूकसंमती. मूळ लॅटिन ‘टासेरे’, गप्प राहणे. ‘इम्प्लिसिट’च्या मुळाशी आहे घडी घालणे. तिथे शब्द असतात, अर्थ त्यांच्या घडीत असतो. घडी उलगडली की ‘एक्सप्लिसिट’.

आपल्याच गेटवर बघा. बोर्ड आहे, ‘पाहुण्यांच्या गाड्या सकाळी ७ पर्यंत काढाव्यात.’ म्हणजे रात्री लावायला हरकत नाही. ही परवानगी इम्प्लिसिट. बोर्डच नाही, गाडी चार रात्री उभी आहे, कमिटी रोज बघते आणि काही म्हणत नाही, तर ती टॅसिट.

सी-३०३: कायद्याच्या इंग्रजीत मात्र ही रेघ पुसट होते. भारतीय करार कायदा १८७२, कलम ९: प्रस्ताव किंवा स्वीकार शब्दांत असेल तर वचन ‘एक्सप्रेस’, शब्दांवाचून असेल तर ‘इम्प्लाइड’. रिक्षात बसून नुसतं ठिकाण सांगितलं तरी मीटरप्रमाणे पैसे द्यायचं वचन दिलं गेलंच.

डी-२०४: मग ग्रुपवर ‘उद्यापर्यंत हरकत न आल्यास संमती समजू’ टाकतात, ती टॅसिट ना?

सी-३०३: नाही ताई, इथेच गफलत होते. १८६२ चा इंग्लंडमधला फेल्टहाउस विरुद्ध बिंडली खटला घ्या. काकाने पुतण्याला लिहिलं, तुझं काही कळलं नाही तर घोडा ३० पाउंड १५ शिलिंगला माझा समजेन. पुतण्याला विकायचा होताच, पण त्याने उत्तर पाठवलं नाही. लिलाववाल्याने घोडा चुकून विकला, काका कोर्टात गेला आणि हरला. समोरच्याच्या गप्प बसण्याला आपणच आधी अर्थ लावून ठेवला, तर ती संमती होत नाही. कुणी मेसेज पाहिलेलाच नसतो, कुणी गावी असतं. कळलेलं आहे, बोलायची संधी आहे, नको असतं तर बोललाच असता, अशा गप्प राहण्याला टॅसिट म्हणावं.

बी-४०१: ‘ही इज टॅसिट’ चालेल?

ए-१०२: नाही. अबोल माणूस ‘टॅसिटर्न’. टॅसिट लावायचं अप्रूव्हल, अ‍ॅग्रीमेंट, अंडरस्टँडिंग यांना. ‘टॅसिट सायलेन्स’ही नको, मूक मौन होईल ते. उच्चार टॅ-सिट, जोर टॅ-वर.

डी-२०४: आणि लेकी बोले सुने लागे?

ए-१०२: ते ‘इन्सिन्युएट’. त्यात बोचरा हेतू असतो, टॅसिटमध्ये तसा नसतो. उद्या तोच घेऊ.