स्कॉट : पाण्याने थंड होणारी टू-स्ट्रोक

टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोनच धावांत एक आवर्तन पूर्ण करणारे इंजिन असलेली) मोटारसायकल मोठ्या शर्यतींत उतरली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच, असे काहींचे म्हणणे असते. त्यात एक महत्त्वाची भर घालावीशी वाटते. यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ साली जी मोटारसायकल बाजारात आणली, तिचे इंजिन दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे होते, आणि तिच्या पहिल्या काही गाड्या पुढे मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या जोवेट बंधूंनी बांधून दिल्या. धावत ढकलून गाडी सुरू करण्याच्या त्या काळात स्कॉटला किक होती. फोर-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे दर दोन फेऱ्यांना एकदा नव्हे, तर प्रत्येक फेरीत ठिणगी पडत असल्याने ही गाडी इतकी सरस ठरली, की स्पर्धांमध्ये काही काळ तिच्या इंजिनाची क्षमता (सीसी) १.३२ ने गुणून, म्हणजे प्रत्यक्षाहून मोठी, धरली जात असे. प्रतिस्पर्ध्यांकडून याहून मोठी पावती कोणती मिळणार?

आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध टीटी मोटारसायकल शर्यतींपैकी सीनियर टीटीमध्ये १९१२ साली फ्रँक ॲपलबी आणि १९१३ मध्ये टिम वुड यांनी स्कॉट मोटारसायकल चालवूनच विजय मिळवला. पहिल्या महायुद्धानंतर मात्र आल्फ्रेड स्कॉट स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडले आणि 'सोशिएबल' या तीनचाकी वाहनात गुंतले, ते फारसे खपले नाही. गुहा-भ्रमंतीनंतर ओल्या कपड्यांनिशी घरी परतल्यावर जडलेल्या न्यूमोनियाने १९२३ साली त्यांचे निधन झाले. स्कॉट कंपनीची लोकप्रिय 'फ्लाइंग स्क्विरल' ही मोटारसायकल त्यानंतर आली.